मानेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्यावर: आपल्या मानेला नेमकं कोणतं ऑपरेशन, हे कसं ठरवायचं

आईला साडीच्या निऱ्या धड घालता येईनात, तेव्हा आम्ही ते वयावर ढकललं. पुढे ब्लाउजचे हूक लागेनात, पोळी लाटताना लाटणं हातातून सुटू लागलं, आणि एके दिवशी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यात तिची चप्पल पायातून निसटली तरी तिला कळलं नाही. जवळच्या दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे निघाला, गुडघ्याच्या गोळ्या सुरू झाल्या. हाताच्या मुंग्यांना "मणक्यात गॅप आलाय" असं उत्तर मिळालं. आठ महिने असेच गेले. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टने तिच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तिचा अंगठा आपोआप आत वळला, आणि त्यांनी त्याच दिवशी मानेचा एमआरआय करायला सांगितलं.

मी डॉक्टर नाही. पण पुढचे चार महिने तीन सर्जनांसमोर बसून, वही भरून जे समजून घेतलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तिघांनी तीन वेगळी ऑपरेशनं सुचवली होती. सुरुवातीला आम्ही घाबरलो, कुणावर विश्वास ठेवायचा कळेना. नंतर लक्षात आलं की "मानेचं ऑपरेशन" असं एकच काही नसतं. दाब कुठून आहे, मानेचा बाक कसा आहे, माणूस काय काम करतो, यावर ते ठरतं. त्यामुळे सर्जनला विचारायचा खरा प्रश्न एकच: याच मानेला हेच ऑपरेशन का?

पहिली पायरी: नस दबली आहे की मज्जारज्जू?

मानेत सात मणके असतात. त्यांच्या मागच्या बोगद्यातून मज्जारज्जू खाली जातो आणि त्यातून दोन्ही बाजूंना नसा फुटून हातांकडे जातात. यातली एखादी नस दबली तर मानेतून खांद्याकडे, हाताकडे कळ जाते. दुखतं खूप, पण बऱ्याच जणांना औषधं, व्यायाम आणि काही आठवडे थांबण्याने बरं वाटतं. बोगदाच अरुंद होऊन खुद्द मज्जारज्जू दबला तर गोष्ट वेगळी. त्यात दुखणं कमी असू शकतं, कधी नसतंच. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. या आजाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ जातो असं अभ्यासांत दिसलं आहे. आईचे आठ महिने आठवले की मला त्याचं नवल वाटत नाही.

लक्षणं अशी: बटणं, हूक, सुईत दोरा ओवणं, नाणी मोजणं जमेनासं होतं. सही बदलते. चालताना पाय कडक वाटतात, तोल जातो, अंधारात जास्तच. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाते. लघवीची घाई होते किंवा ती अडकते.

घरच्या घरी दोन गोष्टी करून बघता येतात. हात पुढे करून १० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण आवळायची आणि बोटं पूर्ण सरळ उघडायची. निरोगी माणसाला साधारण २० वेळा जमतं. दुसरी, भिंतीजवळ आणि कुणीतरी सोबत असताना, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायचं. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये इतकं नक्की कळतं. हातापायांची ताकद काही दिवसांत झपाट्याने कमी झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जायचं.

आणि एक कळकळीची विनंती. दाढी-कटिंग झाल्यावर न्हावी मान कटकन मोडतो, ते आजच बंद करा. मालिशवाल्याकडून मान झटकून घेणं, मनाने वजनं लावून मान ताणणं, हेही बंद. जागा आधीच कमी असेल तर एका झटक्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. लोकलमधली धक्काबुक्की, खड्ड्यातून उडणारी रिक्षा, ओल्या जिन्यावरून घसरणं, हे सगळं अशा मानेला निरोगी मानेपेक्षा फार महागात पडतं. सरळ तोंडावर पडून मान मागे झटकली गेली की हात लुळे पडलेले पेशंट सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात मी पाहिले आहेत. पुष्कळदा त्यांच्या मानेतली जागा आधीपासूनच अरुंद असते.

दुसरी पायरी: तपासण्या, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन किंवा स्पाइनचं काम करणारे ऑर्थोपेडिक सर्जन, यांपैकी कुणाकडेही सुरुवात चालेल. ते रिफ्लेक्स बघतील, चालायला लावतील. नुसती फिल्म बघून, हातही न लावता ऑपरेशन सांगणाऱ्याकडून मी उठून आले होते, आणि तुम्हीही उठावं.

एमआरआयमध्ये मज्जारज्जू, दोन मणक्यांमधल्या गाद्या आणि दाब दिसतो. मानेतल्या बोगद्याची पुढून मागची रुंदी मोठ्या माणसात साधारण १७-१८ मिलिमीटर असते. १३ च्या खाली गेली की अरुंद, १० च्या खाली गेली की अतिशय अरुंद धरतात. काहींचा बोगदा जन्मतःच लहान असतो. अशांना गादीचा थोडासा फुगवटाही पुरतो. रिपोर्टमध्ये "टी२ सिग्नल चेंज" असं लिहिलं असेल तर मज्जारज्जूच्या आत बदल दिसतो आहे असा अर्थ. त्याचं गांभीर्य सर्जनकडून समजून घ्या, त्या एका ओळीने रात्रभर जागू नका.

साधे एक्स-रे जुनाट वाटतात, पण ऑपरेशन निवडताना तेच फार कामाचे. उभं राहून बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेचा बाक कळतो. मान पुढे आणि मागे वाकवून काढलेल्यांत एखादा मणका सरकतोय का ते दिसतं. एमआरआय आडवं झोपवून निघतो, त्यात हे लपतं.

सीटी स्कॅन सगळ्यांना लागत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूने जाणारा एक लांब अस्थिबंध काही जणांत हाडासारखा कडक होतो. डॉक्टर त्याला ओपीएलएल म्हणतात. जपानमध्ये हा आजार खूप अभ्यासला गेला आहे आणि आपल्याकडेही तो आढळतो. एमआरआयमध्ये हाड आणि मऊ गादी यांतला फरक नीट कळत नाही, सीटीत स्वच्छ कळतो. ऑपरेशन पुढून करायचं की मागून, हे कधी कधी या एका स्कॅनवर फिरतं.

सोबत बी-१२ आणि साखर तपासून घ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते, आणि तिनेही तोल जाणं, पाय बधिर होणं अशीच लक्षणं येतात. गरज वाटली तर हाताच्या नसांची तपासणी करतात, कारण मनगटात नस दबल्यानेही मुंग्या येतात. चालणं बिघडलं असेल तर कंबरेचाही एमआरआय करायचा का, हे विचारा. मान आणि कंबर दोन्हीकडे जागा अरुंद असणारे लोक पुष्कळ असतात.

तिसरी पायरी: ऑपरेशन लागणारच का?

इथे एक १८ गुणांची मोजपट्टी वापरतात. हातांना ५, पायांना ७, स्पर्शाच्या जाणिवेला ३, लघवीच्या ताब्याला ३. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ आणि त्याखाली तीव्र. २०१७ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम आणि तीव्र आजारात ऑपरेशन करावं. सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही चालतं, पण बिघडलं तर ऑपरेशन. फिल्ममध्ये दाब दिसतो आणि मज्जारज्जूचं एकही लक्षण नाही, अशा माणसाचं केवळ खबरदारी म्हणून ऑपरेशन करू नये. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये असं काहीतरी निघतंच.

आपले गुण डॉक्टरांना विचारून केसपेपरवर लिहून घ्या. आईचे १२ होते.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी नीट धरायला हवी. या ऑपरेशनचं पहिलं काम म्हणजे बिघाड थांबवणं. बऱ्याच जणांना सुधारणाही होते, पण गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. जितका उशीर, तितकं परत येणं कमी. हे ज्या सर्जनने आम्हाला स्पष्ट सांगितलं, त्यांच्याकडेच आम्ही शेवटी ऑपरेशन केलं.

चौथी पायरी: पुढून की मागून, आणि का

हा भाग सावकाश वाचा.

पुढून करतात त्या ऑपरेशनमध्ये गळ्याच्या वळीत छेद घेऊन, श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच बाजूला करून मणक्यापर्यंत पोचतात. बिघडलेली गादी आणि वाढलेलं हाड काढतात, त्या जागी हाड किंवा छोटा पिंजरा बसवतात आणि बहुतेकदा पट्टी व स्क्रूने ते दोन मणके जोडून टाकतात. दाब गादीच्या जागेपुरता असण्याऐवजी मणक्याच्या मागेही पसरला असेल, तर मणक्याचा मधला भागही काढावा लागतो.

मागून करतात त्यात बोगद्याचं छप्पर उघडतात. छप्पर पूर्ण काढून स्क्रू-रॉडने मणके जोडणं हा एक प्रकार. छप्पर एका बाजूला बिजागरीसारखं ठेवून दरवाजासारखं उघडून तसंच धरून ठेवणं हा दुसरा, त्याला लॅमिनोप्लास्टी म्हणतात. ही पद्धत १९७० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. त्यात मणके जोडत नाहीत, म्हणून मानेची हालचाल बरीचशी राहते.

आता निवड. दाब पुढून आणि एक-दोन ठिकाणीच असेल तर बहुतेक सर्जन पुढून जातात, कारण दाबणारी वस्तूच काढता येते. तीन-चार ठिकाणी दाब असेल, किंवा मुळात बोगदाच लहान असेल, तर मागून जाण्याकडे कल असतो. पण त्याला एक अट आहे, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची: मानेचा बाक. निरोगी मान बाजूने बघितली तर पुढच्या दिशेने कमानदार असते. ती कमान शाबूत असेल तर मागचं छप्पर उघडल्यावर मज्जारज्जू मागे सरकतो आणि पुढच्या दाबापासून सुटतो. कमान उलटी झाली असेल, मान पुढे झुकली असेल, तर छप्पर उघडूनही मज्जारज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो. अशा मानेला पुढून जावं लागतं, किंवा बाक सरळ करून मणके जोडावे लागतात, कधी पुढून-मागून दोन्ही.

ओपीएलएल असलेल्यांसाठी सर्जन एक्स-रेवर एक रेषा ओढतात, दुसऱ्या मणक्यापाशी बोगद्याच्या मध्यापासून सातव्या मणक्यापाशी बोगद्याच्या मध्यापर्यंत. कडक झालेला अस्थिबंध त्या रेषेच्या मागे आला असेल तर नुसतं छप्पर उघडून फारसा उपयोग होत नाही. ती रेषा आपल्यासमोर ओढून दाखवायला सांगा. आमच्यासमोर एका सर्जनने पेन्सिलने ओढली, आणि तीन मतांतला गोंधळ दोन मिनिटांत निम्मा झाला.

मणका सरकत असेल तर जोडणं आवश्यक. आधीपासून मान खूप दुखत असेल तर लॅमिनोप्लास्टीनंतर ते दुखणं राहू शकतं, वाढूही शकतं. वय जास्त आणि हाडं ठिसूळ असतील तर स्क्रूची पकड कमी, म्हणून ऑपरेशनआधी हाडांची घनता तपासायला सांगतात. शिक्षक, गायक, कीर्तनकार, ज्यांचं पोट आवाजावर आहे अशांनी हे सर्जनला आपणहून सांगायलाच हवं. पुढून गेल्यावर स्वरयंत्राच्या नसेला ताण बसून आवाज बसू शकतो. बहुतेकदा तो काही आठवड्यांत सुटतो, क्वचित राहतो. गिळताना त्रास होणं पुढून केलेल्या ऑपरेशननंतर सुरुवातीला सर्रास असतं, आणि ज्यांना आधीच गिळायला त्रास आहे त्यांच्यासाठी ही बाब जड ठरते.

कृत्रिम गादीबद्दल सगळे विचारतात. हालचाल टिकते म्हणून ती आकर्षक आहे, पण ती मोजक्या मानांसाठीच: एक-दोन ठिकाणचा मऊ गादीचा दाब, मागचे सांधे चांगले, मणका स्थिर, ओपीएलएल नाही. साठीच्या पुढच्या, हाडं वाढलेल्या मानेला ती बहुतेकदा लागू पडत नाही. मणके जोडल्यावर शेजारच्या गादीवर ताण येतो हे खरं आहे. पुढून जोडलेल्या पेशंटमध्ये वर्षाला साधारण ३ टक्क्यांना शेजारी नवा त्रास सुरू होतो, म्हणजे १० वर्षांत जवळपास चौघांतल्या एकाला, असं १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं. यातला किती भाग जोडण्यामुळे आणि किती वयामुळे, यावर वाद आहे.

मग पुढचं बरं की मागचं? २०२१ साली उत्तर अमेरिकेतला एक काळजीपूर्वक केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना दोन्ही मार्ग चालण्यासारखे होते अशा १६३ जणांना त्यात घेतलं होतं. एका वर्षाने दोन्ही गटांची शारीरिक क्षमता जवळपास सारखीच होती. गुंतागुंती मात्र पुढून केलेल्यांत जास्त होत्या, विशेषतः गिळण्याच्या. म्हणजे मान दोन्ही मार्गांना योग्य असेल, तर निवड त्या माणसाच्या गरजा आणि सर्जनचा हात यांवर सोडावी, असं मला वाटतं.

मुंबईत तुम्हाला एक वेगळं मतही ऐकायला मिळेल. केईएम रुग्णालयात दीर्घकाळ न्यूरोसर्जरी विभाग सांभाळलेले डॉ. अतुल गोयल यांची मांडणी अशी की मूळ दोष मणक्यांच्या सूक्ष्म अस्थिरतेत आहे, म्हणून हाड न काढता मणके स्थिर केले तरी चालतं. कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांना स्क्रूने जोडण्याची त्यांची १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत जगभर वापरली जाते. मानेतल्या दाबाबद्दलची त्यांची ही मांडणी मात्र सर्वमान्य नाही. कुणी "हाड न काढता फक्त स्क्रू" सुचवलं तर ते कोणत्या विचारातून आलंय हे कळावं म्हणून लिहिलं.

पाचवी पायरी: सर्जनसमोर बसताना

सगळ्या फिल्म सोबत न्या, नुसते रिपोर्ट पुरत नाहीत. आणि हे विचारा: दाब पुढून आहे की मागून, किती ठिकाणी? माझ्या मानेचा बाक कसा आहे? दुसरा मार्ग तुम्ही का निवडला नाही? शेवटचा प्रश्न विचारताना आम्हाला संकोच वाटला होता. पण ज्याने नीट विचार केलेला असतो तो सर्जन याचं उत्तर आनंदाने देतो. हे ऑपरेशन वर्षाला तुम्ही किती करता, आणि ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे विद्युत संदेश तपासणारं मॉनिटरिंग असेल का, हेही विचारा. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. फक्त मतं गोळा करण्यात महिने घालवू नका.

सहावी पायरी: मुंबईत सोय आणि पैसा

महापालिकेची केईएम, सायन आणि नायर, तसंच राज्य सरकारचं जे.जे., या चारही ठिकाणी न्यूरोसर्जरी आणि ऑर्थोपेडिक विभाग आहेत. रांग लांब असते. सकाळी लवकर केसपेपर काढायचा, आणि लक्षणं वाढत असतील तर ते डॉक्टरांना ठळकपणे सांगायचं, कारण तारीख त्यावर ठरते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार दाखवून, आपलं ऑपरेशन यादीत बसतं का हे भरती होण्याआधीच विचारा.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना चालू आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. आम्हाला एका ठिकाणी "खाट शिल्लक नाही" म्हणून परत पाठवलं. तेव्हा वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. खासगीत जात असाल तर अंदाजपत्रकात इम्प्लांट (आत बसवायचे स्क्रू, पट्टी, पिंजरा) आणि मॉनिटरिंग धरलंय का, हे लेखी घ्या. बिल फुगतं ते तिथेच.

सातवी पायरी: ऑपरेशनआधीची तयारी

तंबाखू, सिगारेट, मिश्री, सगळं बंद. निकोटिनमुळे हाड जुळत नाही, आणि मिश्रीला बायका तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाहीत. साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे लेखी घ्या, मनाने थांबवू नका. भूलतज्ज्ञांना मानेबद्दल आवर्जून सांगा. श्वासाची नळी घालताना मान मागे फार वळवायची नसते, त्यासाठी ते कॅमेऱ्याची उपकरणं वापरतात.

घरही तयार करा. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर सुरुवातीचे दिवस कमोडची खुर्ची भाड्याने आणा. उशी पातळ हवी. रोजची भांडी ओट्यावर, कमरेच्या उंचीवर आणून ठेवा.

आठवी पायरी: ऑपरेशननंतर

गुंतागुंत नसेल तर बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच उठवून चालवतात. पुढून ऑपरेशन झालं असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत गळा सुजणं, श्वास लागणं, आवाज घोगरा होत जाणं, यातलं काहीही दिसलं तर नर्सला लगेच बोलवा. आत रक्त साठून श्वासनलिका दबू शकते, आणि तिथे मिनिटं मोलाची असतात. पहिले दिवस पेज, मऊ भात, पातळ खिचडी द्या. दंड वर उचलता न येणं ही आणखी एक गुंतागुंत, साधारण २० जणांत एकाला होते, काही वेळा ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी. खांद्याला जाणाऱ्या पाचव्या नसेचा हा त्रास बहुतेकांत काही महिन्यांत सुधारतो. आईला तो झाला होता, आणि आधी माहीत होतं म्हणून आम्ही खचलो नाही. घरी आल्यावर ताप, जखमेतून पाणी किंवा पू, नव्याने आलेला अशक्तपणा दिसला तर फोन करत बसू नका, सरळ जा.

मानेचा पट्टा किती दिवस, हे ऑपरेशनवर आणि सर्जनवर अवलंबून असतं. लागत नसताना महिनोन्महिने घालून बसलं की स्नायू दुबळे होतात. लोकलचा प्रवास सर्जनने परवानगी देईपर्यंत नको, आणि त्यानंतरही गर्दीची वेळ टाळून. दुचाकी आणि रिक्षाचंही तेच. फिजिओथेरपी मात्र चुकवायची नाही. हातांसाठी मऊ चेंडू, कणकेचा गोळा, तांदळातून मूग वेचणं, आणि तोल सांभाळायला गॅलरीत कठडा धरून चालणं. सुधारणा सगळ्यांत जास्त पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर हळूहळू होत राहते. ठरलेल्या तारखांना एक्स-रे काढून हाड जुळतंय का ते बघतात. बरं वाटतंय म्हणून ती फेरी सोडू नका, आणि जुन्या फिल्म रद्दीत घालू नका.

आम्ही दर रविवारी सकाळी चहानंतर आईच्या मुठी मोजून वहीत आकडा लिहितो. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात १० सेकंदांत ८ होत्या. तीन महिन्यांनी १३, वर्षाने १६. गेल्या रविवारीही १६ च. निऱ्या ती आता स्वतः घालते, फक्त पिन माझ्याकडून लावून घेते.